समाजवृत्ताच्या पानापासून गवताच्या नदीपर्यंत : मार्जरी स्टोनमन डग्लस

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स नावाचा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची किमान पन्नास वर्षे या प्रदेशाकडे निरुपयोगी दलदल म्हणूनच पाहिले गेले. पाणी काढून टाकायचे, जमीन कोरडी करायची, शेती आणि वसाहती उभारायच्या, याबाबत राजकारणी, जमीनमालक आणि वृत्तपत्रे यांच्यात फारसा मतभेद नव्हता. हा समज मुळापासून बदलण्याचे श्रेय मार्जरी स्टोनमन डग्लस या पत्रकार महिलेकडे जाते. विशेष म्हणजे त्यांच्या पत्रकारितेचा आरंभ निसर्गापासून फार दूर, एका लहान गावाच्या दैनिकातील समाजवृत्ताच्या पानावर झाला होता.

मार्जरी यांचा जन्म ७ एप्रिल १८९० रोजी मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस येथे झाला. वडील फ्रँक स्टोनमन यांचे व्यवसाय एकामागून एक बुडाले. आई लिलियन व्हायोलिनवादक होत्या. मार्जरी सहा वर्षांच्या असताना आईवडील विभक्त झाले आणि आईने मुलीला घेऊन मॅसॅच्युसेट्समधील टॉन्टन या गावी माहेर गाठले. आजोळी वडिलांविषयी चांगला शब्द निघत नसे. त्यातच आईला मानसिक आजार जडला, रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि लहान वयातच आईला सांभाळण्याची जबाबदारी मुलीवर आली. पुस्तके हाच तिचा विसावा होता.

१९०८ मध्ये त्या वेलस्ली या महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. इंग्रजी साहित्यात पदवी घेताना त्यांनी वक्तृत्वाचेही शिक्षण घेतले. हे शिक्षण साठ वर्षांनी आपल्या कामी येणार आहे, याची तेव्हा त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. १९१२ मध्ये पदवी हाती आली आणि त्यानंतर लवकरच आईचे कर्करोगाने निधन झाले. पुढे काही काळ त्यांनी मोठ्या दुकानांमधून नोकरी केली. १९१४ मध्ये त्यांनी केनेथ डग्लस या आपल्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठ्या गृहस्थाशी विवाह केला. हा गृहस्थ भामटा निघाला. खोट्या धनादेशाच्या प्रकरणात त्याला तुरुंगवास झाला आणि पुढे त्याने मार्जरी यांच्या वडिलांनाही लुबाडण्याचा प्रयत्न केला. एक प्रकारे या प्रयत्नामुळेच पितापुत्रीची भेट झाली. काकांच्या सल्ल्यावरून १९१५ च्या सप्टेंबरमध्ये मार्जरी वडिलांकडे मायामीला आल्या. सुमारे एकोणीस वर्षांनी त्या वडिलांना पाहत होत्या. पतीचे केवळ आडनाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

वडिलांचे वृत्तपत्र

दरम्यानच्या काळात फ्रँक स्टोनमन यांनी वकिलीचा अभ्यास केला होता, छपाईयंत्र मिळवले होते आणि १९०३ मध्ये मायामीत दैनिक सुरू केले होते. आर्थिक अडचणीनंतर हेच पत्र १९१० मध्ये 'मायामी हेरल्ड' या नावाने नव्याने निघाले आणि स्टोनमन त्याचे संपादक झाले. १९१० च्या जनगणनेत मायामीची लोकसंख्या अवघी ५,४७१ होती.

एव्हरग्लेड्सच्या प्रश्नावर स्टोनमन यांची भूमिका त्या काळात एकाकी होती. १९०५ मध्ये गव्हर्नर झालेल्या नेपोलियन ब्रॉवर्ड यांनी दलदल कोरडी करण्याचे आश्वासन देऊन निवडणूक जिंकली होती. तेथे प्रत्यक्ष काय आहे याचा पुरेसा अभ्यास न करता कालवे खोदणे शहाणपणाचे नाही, असे स्टोनमन आपल्या अग्रलेखांतून सातत्याने मांडत राहिले. याची किंमत त्यांना मोजावी लागली. ते न्यायाधीशपदासाठी निवडून आले, तेव्हा संतापलेल्या ब्रॉवर्ड यांनी त्यांच्या निवडीवर शिक्कामोर्तब करण्यास नकार दिला. गावकरी मात्र स्टोनमन यांना आयुष्यभर न्यायाधीशमहाराज याच अर्थाने हाक मारत राहिले.

कन्येला त्यांनी समाजवृत्ताचे पान दिले. कोणाकडे चहापान झाले, कोणाची सोयरीक जमली, उत्तरेकडून हिवाळ्यासाठी कोण पाहुणे आले, असा या पानाचा मजकूर असे. गाव इतके लहान होते की कित्येक दिवशी छापण्याजोगे काही घडतच नसे. अशा वेळी मार्जरी काल्पनिक बाईसाहेबांच्या काल्पनिक मेजवान्यांच्या बातम्या रचून पान भरत, अशी कबुली त्यांनी स्वतःच पुढे दिली आहे. वडील रजेवर गेले की अग्रलेखाचे पानही त्यांच्याकडे येई. अशाच एका वेळी त्यांनी इतिहासाविषयी केलेली चूक प्रतिस्पर्धी दैनिकाने चव्हाट्यावर आणली. वडिलांनी बजावले की लिहिण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट पडताळून पाहिली पाहिजे. मेजवान्या रचणाऱ्या बातमीदाराला हा धडा आवश्यकच होता, आणि तो त्या विसरल्या नाहीत.

१९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. नौदलाच्या राखीव दलात महिलांची भरती सुरू झाली आणि फ्लोरिडातून भरती होणाऱ्या पहिल्या महिलेची बातमी आणण्यासाठी मार्जरी यांना पाठविण्यात आले. त्या बातमी घेऊन आल्या, परंतु भरती झालेली महिला त्या स्वतःच होत्या. नौदलाला मात्र त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पहाटे उठणे त्यांना जमत नसे आणि वरिष्ठांच्या पत्रांतील व्याकरण सुधारण्याची त्यांची सवय वरिष्ठांना रुचत नसे. वर्षभराने त्यांनी मुक्तता मिळवली आणि अमेरिकन रेडक्रॉसच्या कामासाठी त्या पॅरिसला गेल्या. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्धविराम झाला, तेव्हा त्या पॅरिसमध्ये होत्या. युद्धाने बेघर झालेल्या कुटुंबांची दैना त्यांनी तेथे जवळून पाहिली.

त्याच काळातील आणखी एक प्रसंग नोंदविण्यासारखा आहे. १९१७ मध्ये महिलांच्या मताधिकाराची मागणी मांडण्यासाठी काही महिलांसह त्या राज्याची राजधानी टॅलाहासी येथे गेल्या होत्या. विधिमंडळाच्या समितीतील सदस्यांनी त्यांचे म्हणणे ऐकल्यासारखेही दाखवले नाही. महिलांना मताधिकार देणारी घटनादुरुस्ती देशात १९२० मध्ये लागू झाली. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने तिला औपचारिक मान्यता दिली ती थेट १९६९ मध्ये.

सदर, कैदी आणि जमिनीची तेजी

१९२० मध्ये मायामीला परतल्यावर मार्जरी साहाय्यक संपादक झाल्या आणि त्यांचे दैनंदिन सदर सुरू झाले. प्रारंभी एखादी छोटी कविता आणि पुढे गावाच्या प्रश्नांवर टिपण, असे त्याचे स्वरूप होते. रस्ते, झाडे, महिलांचे हक्क, गरीब मुलांचे दूध असे विषय त्यात येत.

या सदरातील एका कवितेने राज्याचा कायदा बदलण्यास हातभार लावला. मार्टिन टॅबर्ट हा नॉर्थ डाकोटा राज्यातील २२ वर्षांचा तरुण तिकिटाविना रेल्वेने प्रवास करताना पकडला गेला. दंड भरण्यास पैसे हाताशी नसल्याने त्याला सक्तमजुरी झाली. त्या काळी फ्लोरिडात कैदी खासगी ठेकेदारांना मजूर म्हणून भाड्याने दिले जात. लाकूडतोडीच्या छावणीत १९२२ मध्ये चाबकाच्या फटक्यांनी त्याचा मृत्यू झाला. मार्जरी यांनी त्याच्यावर लिहिलेली कविता विधिमंडळात वाचली गेली. वृत्तपत्रांतून सगळीकडे संताप उसळलेला होताच. १९२३ मध्ये कैद्यांना भाड्याने देण्याची आणि चाबकाने मारण्याची प्रथा राज्याने बंद केली. आपल्या हातून झालेले सर्वांत महत्त्वाचे लेखन म्हणून मार्जरी पुढे अनेकदा या कवितेचा उल्लेख करीत असत.

याच वर्षांत मायामी झपाट्याने वाढत होती. १९२० मध्ये लोकसंख्या २९ हजारांवर गेली आणि १९३० मध्ये ती १ लाख १० हजारांच्या पुढे पोहोचली. जमिनीचे तुकडे एका दिवसात दोनदा विकले जात. या लाटेपासून मार्जरी अलिप्त होत्या असे म्हणता येणार नाही. कोरल गेबल्स या नव्या वसाहतीच्या प्रचारासाठी त्यांनी मजकूर लिहून दिला होता. पुढे ज्या विस्ताराशी त्या झुंजल्या, त्याची जाहिरात कशी केली जाते हे त्यांना आतून ठाऊक होते. त्यांच्या चरित्रकथनात हा भाग सहसा गाळला जातो. वास्तविक तो गाळण्याचे कारण नाही.

दैनिकाच्या कामाचा ताण त्यांना झेपला नाही आणि प्रकृती ढासळली. १९२३ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर नियतकालिकांसाठी कथा लिहून त्यांनी उदरनिर्वाह केला. 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या त्या काळच्या मोठ्या साप्ताहिकात त्यांच्या सुमारे चाळीस कथा प्रसिद्ध झाल्या. १९२६ मध्ये त्यांनी कोकोनट ग्रोव्ह या उपनगरात एक लहानसे घर बांधले. मोटारीसाठी वाट नाही, कारण मोटार चालविणे त्या कधी शिकल्याच नाहीत. त्याच वर्षीच्या चक्रीवादळाने जमिनीची तेजी उद्ध्वस्त केली. घर मात्र टिकले आणि पुढची बहात्तर वर्षे त्या तेथेच राहिल्या.

कथालेखनाच्या निमित्ताने एव्हरग्लेड्स त्यांच्या लेखणीत हळूहळू उतरू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी महिलांच्या टोप्यांवर बगळ्यांची पिसे लावण्याची टूम होती आणि त्यासाठी पक्ष्यांच्या वसाहतीच्या वसाहती मारल्या जात. पक्ष्यांचे रक्षण करणारा गाय ब्रॅडली हा वनरक्षक १९०५ मध्ये शिकाऱ्याच्या गोळीला बळी पडला. या हत्येवर आधारित कथा मार्जरी यांनी १९३० मध्ये लिहिली आणि पुढील वर्षी पक्ष्यांच्या संहारावर स्वतंत्र लेखही लिहिला. अर्नेस्ट को या उद्यानरचनाकाराने एव्हरग्लेड्सला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळावा म्हणून ध्यास घेतला होता. त्यांच्या समितीत मार्जरी सदस्य होत्या. १९३० मध्ये वॉशिंग्टनहून पाहणीसाठी आलेल्या मंडळींबरोबर त्याही गेल्या आणि पांढऱ्या शराटी पक्ष्यांचे हजारोंचे थवे त्यांनी पाहिले. उद्यानाला १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसची मंजुरी मिळाली, पण जमीन आणि निधी यांची जुळवाजुळव होण्यास आणखी तेरा वर्षे लागली.

एका शब्दाची पडताळणी

१९४० च्या दशकाच्या आरंभी एका प्रकाशनसंस्थेने अमेरिकेतील नद्यांवर ग्रंथमाला काढली होती. तिचे संपादक हर्व्ही ॲलन यांनी मार्जरी यांना मायामी नदीवर पुस्तक लिहिण्यास सांगितले. ही नदी जेमतेम काही किलोमीटर लांबीची. तिच्यावर पुस्तक होण्याजोगे काही नाही, हे मार्जरी यांना लगेच उमगले. परंतु प्रकाशकाला नाही म्हणणेही परवडणारे नव्हते. नदीचे पाणी मागे असलेल्या एव्हरग्लेड्समधून येते, तेव्हा त्याविषयी लिहिले तर चालेल का, असे त्यांनी विचारून घेतले.

मग त्यांनी बातमीदाराने करावे तेच केले. जाणकार कोण आहे याचा शोध घेतला. भूजलाचा अभ्यास करणारे गेराल्ड पार्कर हे शास्त्रज्ञ मायामीतच काम करीत होते. पार्कर यांनी त्यांना जे समजावून सांगितले, त्याचा सारांश असा : ऑर्लँडोच्या दक्षिणेकडील सरोवरांचे पाणी किसिमी नदीतून सुमारे १९०० चौरस किलोमीटरच्या ओकीचोबी सरोवरात येते. सरोवर उथळ आहे. पावसाळ्यात ते दक्षिण काठावरून ओसंडे आणि ते पाणी काही ठिकाणी ऐंशी किलोमीटर रुंदीच्या पातळ थरात समुद्राकडे सरकत जाई. उतार दर किलोमीटरला जेमतेम तीन सेंटिमीटर, त्यामुळे पाणी वाहते आहे हे उभ्या माणसाच्या लक्षातही येत नसे. वर दिसे ते फक्त सॉग्रास, म्हणजे करवतीसारख्या धारेचे उंच लव्हाळे. हेच पाणी जमिनीत मुरून मायामीच्या विहिरींना मिळते आणि समुद्राचे खारे पाणी थोपवून धरते.

जे वाहते ते गोडे पाणी आहे. मग ही दलदल कशी? मार्जरी यांनी पार्कर यांच्यापुढे आपला शब्द ठेवला आणि शास्त्राच्या दृष्टीने तो चालेल का, अशी विचारणा केली. पार्कर यांनी होकार दिला. ही गवताची नदी होती.

पुस्तकास पाच वर्षे लागली. मूळ रहिवाशांच्या इतिहासासाठी त्यांनी जॉन गॉगिन या तरुण पुरातत्त्व अभ्यासकाची मदत घेतली. भूस्तर, वनस्पती, सेमिनोल जमातीवर लादलेली युद्धे, पिसांचा व्यापार, कालवे खोदणारे सरकार असा प्रचंड पट त्यांनी मांडला. शेवटच्या प्रकरणात त्यांनी इशारा दिला होता की प्रदेश विनाशाच्या काठावर आहे. कालव्यांनी पाणी ओढून नेल्याने वरची काळी माती वाळून पेट घेत होती आणि विहिरींना खारे पाणी लागत होते.

'द एव्हरग्लेड्स : रिव्हर ऑफ ग्रास' हे पुस्तक १९४७ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिली आवृत्ती नाताळापूर्वीच संपली. ६ डिसेंबर १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या हस्ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचे उद्घाटन झाले. मार्जरी तेव्हा ५७ वर्षांच्या होत्या. वडील १९४१ मध्येच निवर्तले होते.

कौतुकाची गोष्ट अशी की स्वतः मार्जरी एव्हरग्लेड्समध्ये फार वेळा जात नसत. तेथे डास फार, ओल फार आणि बसायला जागा नाही, असे त्या मोकळेपणाने सांगत. आवडत्या ठिकाणी सहल करता यावी म्हणून ते राखायचे, ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. ते राखले नाही तर दक्षिण फ्लोरिडाला पाणी मिळणार नाही, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

न्हाणीघरांचा प्रश्न

पुस्तक गाजल्यानंतर त्या लगेच पर्यावरणाच्या कार्यकर्त्या झाल्या, असे घडले नाही. १९४७ च्या शरद ऋतूत दोन चक्रीवादळांमुळे दक्षिण फ्लोरिडा पाण्याखाली गेला आणि पूरनियंत्रणाची मागणी जोर धरू लागली. १९४८ मध्ये लष्कराच्या अभियंता दलाकडे काम सोपवण्यात आले. बंधारे, पाणी उपसणारे पंप आणि सुमारे १६०० किलोमीटरचे कालवे, असा तो प्रकल्प होता. उद्यानाला हमखास पाणी मिळेल या आशेने मार्जरी यांनीही आरंभी त्याला अनुकूलता दाखविली. हा अंदाज चुकला. पाणी शेतीसाठी आणि शहरांसाठी वळवले गेले, उद्यानाच्या वाट्याला उरलेसुरले येऊ लागले.

त्यांचे लक्ष त्या काळात आपल्याच उपनगराकडे होते. कोकोनट ग्रोव्हच्या कृष्णवर्णीय वस्तीत मलनिःसारण आणि नळाचे पाणी नव्हते. एलिझाबेथ व्हिरिक यांच्यासमवेत मार्जरी यांनी १९४८ मध्ये समितीत काम सुरू केले आणि मायामीतील प्रत्येक घरात शौचालय व न्हाणीघर असलेच पाहिजे, असा नियम संमत करून घेतला. घरमालकांना जोडणीचा खर्च झेपावा म्हणून कर्जाचा निधी उभारण्यात आला. दिलेले सर्व कर्ज परत आले, हे त्या आवर्जून सांगत. मायामीच्या विहिरींचे पाणी गवताच्या नदीतून येते. वस्तीच्या नळासाठी झगडणे आणि नदीसाठी झगडणे ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी कामे नव्हती, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

एकोणऐंशीव्या वर्षी

मायामीच्या पश्चिमेस सुमारे सत्तर किलोमीटरवर, उद्यानाच्या जवळच, जगातील सर्वांत मोठा विमानतळ उभारण्याची योजना १९६८ मध्ये पुढे आली. ध्वनीपेक्षा वेगवान विमानांचा काळ येत आहे, असे तेव्हा मानले जात होते. सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र घेण्यात आले आणि पहिली, ३२०० मीटर लांबीची धावपट्टी तयारही झाली.

या योजनेविरुद्ध ऑड्युबन सोसायटीचे जो ब्राउडर लढत होते. त्यांची एक सहकारी महिला मार्जरी यांना एका रात्री दुकानात भेटली. ती चांगले काम करीत आहे, असे मार्जरी सौजन्याने म्हणाल्या. मग तुम्ही काय करीत आहात, असा उलट प्रश्न आला. लागेल ती मदत करीन, असे शिष्टाचारादाखल सांगून त्या घरी गेल्या. दुसऱ्याच दिवशी ब्राउडर त्यांच्या दारात उभे होते. त्यांनी धावपट्टीवर प्रत्यक्ष नेऊन सगळे दाखविले आणि एखादी संघटना काढण्याची विनंती केली. १९६९ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, मार्जरी यांनी 'फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स' ही संस्था स्थापन केली. सदस्यत्वाची वर्गणी एक डॉलर होती. कोणालाही नाही म्हणण्याचे कारण सापडू नये, हा त्यामागील हिशेब होता.

मार्जरी राज्यभर फिरू लागल्या. पाच फुटांच्या आसपास उंची, शिडशिडीत अंगकाठी, डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर जाड काळा चष्मा. व्यासपीठावर उभ्या राहिल्या की वेलस्लीतील वक्तृत्वाचे शिक्षण कामी येई. बोलणे आखीव असे आणि आकडे अचूक असत. सरकारी शास्त्रज्ञ ल्यूना लिओपोल्ड यांच्या १९६९ च्या अहवालाने विमानतळामुळे दक्षिण फ्लोरिडाची जलव्यवस्था आणि पर्यायाने उद्यान नष्ट होईल, असा निर्वाळा दिला. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या प्रशासनाने १९७० मध्ये तेथील विमानतळाची योजना थांबवली. १९७४ मध्ये त्या परिसराला बिग सायप्रस राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली. धावपट्टी मात्र तशीच राहिली.

पुढील लढा अधिक किचकट होता. वळणावळणांची, सुमारे १६५ किलोमीटरची किसिमी नदी अभियंता दलाने १९६२ ते १९७१ या काळात सरळ करून सुमारे ९० किलोमीटरच्या कालव्यात रूपांतरित केली होती. काठच्या पाणथळ जागा कोरड्या पडल्या, पाणपक्षी नाहीसे झाले आणि गुरांच्या कुरणांतील घाण गाळून न निघता थेट ओकीचोबी सरोवरात पोहोचू लागली. सरोवराच्या दक्षिणेला उसाची शेती पसरली होती. तिच्या खतांतील फॉस्फरस पाण्यातून खाली जाऊन सॉग्रासची जागा पाणकणसे घेऊ लागली. (ऊस आणि पाणी यांचे नाते महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.) परिस्थितिविज्ञानाचे अभ्यासक आर्थर मार्शल यांच्याबरोबर मार्जरी यांनी किसिमी पूर्ववत करण्याची मागणी लावून धरली. सरळ केलेली नदी पुन्हा वाकडी करा, ही मागणी अनेकांना तेव्हा हास्यास्पद वाटली.

त्यांना विरोधही सोसावा लागला. पाणथळ भागात स्वस्तात जमीन घेतलेल्या सामान्य कुटुंबांनी १९८० च्या दशकातील एका जाहीर सुनावणीत त्यांना बोलू दिले नाही. हुर्यो सुरू झाली तेव्हा नव्वदी ओलांडलेल्या मार्जरी यांनी यापेक्षा मोठ्याने ओरडता येत नाही का, असे विचारले आणि सभागृहात हशा पिकला. मात्र त्या कुटुंबांची व्यथा खोटी नव्हती. पुराच्या जागेत त्यांना जमीन विकणारे केव्हाच निघून गेले होते.

सन्मानांविषयी त्या सावध असत. राज्याच्या नैसर्गिक संपत्ती विभागाच्या इमारतीला १९८० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले, तेव्हा इमारतीवर नाव पाहण्यापेक्षा एव्हरग्लेड्स पूर्ववत झालेला पाहणे आवडले असते, अशी त्यांची भावना होती. १९९१ मध्ये संमत झालेल्या संरक्षण कायद्यालाही त्यांचे नाव होते. १९९४ मध्ये त्याची नवी आवृत्ती येत असताना साखर उत्पादकांना अधिक सवलत देण्यात आली आहे, असे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी आपले नाव काढून टाकण्याची मागणी केली. नाव काढण्यात आले. त्या वेळी त्या १०४ वर्षांच्या होत्या. त्याआधी १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान प्रदान केला होता.

अखेरच्या वर्षांत दृष्टी गेली, तरी काम थांबले नाही. ध्वनिमुद्रित पुस्तके ऐकत त्या निसर्गलेखक डब्ल्यू. एच. हडसन यांच्या चरित्रावर काम करीत राहिल्या. ते अपुरेच राहिले. १४ मे १९९८ रोजी, वयाच्या १०८ व्या वर्षी, कोकोनट ग्रोव्हमधील त्याच घरात त्यांचे निधन झाले. उद्यानातील एका विस्तीर्ण भागाला त्यांचे नाव मिळाले होते. तेथेच त्यांच्या अस्थी विसर्जित करण्यात आल्या.

एव्हरग्लेड्सच्या पुनरुज्जीवनाचा सर्वंकष कार्यक्रम अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये संमत केला. ७.८ अब्ज डॉलर खर्च आणि तीस वर्षांहून अधिक अवधी, असा त्याचा प्रारंभीचा अंदाज होता. किसिमीची वळणे परत आणण्याचे काम १९९९ मध्ये सुरू होऊन २०२१ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ७० किलोमीटर नदी पुन्हा आपल्या जुन्या मार्गाने वाहू लागली आणि पाणपक्षी परतले. पाणथळ जागांच्या रामसर यादीत एव्हरग्लेड्स १९८७ पासून आहे. भारतातील चिल्का सरोवर आणि भरतपूरचे केवलादेव या यादीत १९८१ मध्येच समाविष्ट झाले होते.

फ्लोरिडाबाहेरील अनेकांनी मार्जरी यांचे नाव प्रथम ऐकले ते वेगळ्याच कारणाने. पार्कलँड येथे १९९० मध्ये सुरू झालेल्या माध्यमिक शाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी त्या शाळेत झालेल्या गोळीबारात १७ जण ठार झाले. त्यानंतर शस्त्रनियंत्रणाची मागणी घेऊन तेथील विद्यार्थी राजधानी टॅलाहासीत विधिमंडळासमोर गेले. एकशे एक वर्षांपूर्वी मताधिकारासाठी मार्जरी तेथेच गेल्या होत्या.

बिग सायप्रसमधील ती एकुलती धावपट्टी पाच दशकांहून अधिक काळ केवळ वैमानिकांच्या सरावासाठी वापरली गेली. २०२५ च्या जूनमध्ये फ्लोरिडा सरकारने तेथे स्थलांतरितांसाठी बंदीछावणी उभारण्यास सुरुवात केली. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास झालेला नाही, या मुद्द्यावर फ्रेंड्स ऑफ द एव्हरग्लेड्स ही संस्था त्याच महिन्यात अन्य संघटनांसह संघीय न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने छावणी गुंडाळण्याचा आदेश दिला आणि सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.